पडद्यावरचा महानायक आणि कृष्णाकाठचा प्रेक्षक

लक्ष्मण उतेकर यांचा छत्रपती संभाजी महाराजांवरचा 'छावा' हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. देशात पाचशे कोटींहून अधिक आणि जगभरात सुमारे आठशे कोटी रुपयांचा गल्ला त्याने जमवला. पण त्या आकड्यांपेक्षा अधिक बोलले गेले ते प्रेक्षकांबद्दल. शेवटच्या प्रसंगानंतर ठिकठिकाणी लोक उभे राहून गारद म्हणत होते, लहान मुले हुंदके देत होती. गुजरातमध्ये भरूच येथे एकाने थेट पडदाच फाडला. मध्य प्रदेशात असीरगडाच्या परिसरात मुघलांचे सोने सापडेल या आशेने लोकांनी रात्री शेते खणली. चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद आणि चित्रपटातून निघालेला उद्रेक या दोन्हींना एकाच वेळी 'प्रेक्षकांची प्रतिक्रिया' म्हणावे लागेल, अशी ती वेळ होती.

हा प्रतिसाद नेमका कशाला होता? कलाकृतीला, इतिहासाला की आजच्या काळाला? या प्रश्नावर तेव्हापासून बरेच मतप्रदर्शन झाले आहे. त्याचा आढावा घेताना सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवण्याला कारण आहे. पडद्यावर घेतली जाणारी नावे इथल्या गावांची आणि आडनावांची आहेत. सरसेनापती हंबीरराव मोहिते कराड तालुक्यातील तळबीडचे. ते पडले वाईच्या लढाईत, १६८७ मध्ये. संभाजी महाराजांना संगमेश्वराहून नेत असताना सोडवण्याचा प्रयत्न आपल्या भुईकोटाजवळ झाला, अशी बत्तीस शिराळ्याची परंपरा आहे. महाराणी येसूबाईंची समाधी साताऱ्याजवळच्या माहुलीत असल्याचे स्थानिक अभ्यासकांनी मांडले आहे. इतरत्र जो महानायकाचा चित्रपट असतो, तो इथे बऱ्याच अंशी घरचा विषय ठरतो.

आधीचा प्रेक्षक

अचाट पराक्रमाच्या देखाव्याला दाद देण्याची सवय या भागाला सिनेमाच्या आधीपासून आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत येत आणि देव-दानवांची तुंबळ युद्धे होत. पुढच्या पिढीतल्या सुशिक्षितांनी त्यांना 'अलल्डुर्र' म्हणून बाजूला सारले, तरी गर्दी त्यांच्यासाठीच जमत होती. आज हॉलीवूडच्या महानायकपटांबद्दल जी तक्रार केली जाते, तीच तक्रार तेव्हा पौराणिक नाटकांबद्दल होती.

त्याहून महत्त्वाचे उदाहरण 'कीचकवध'चे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कथा महाभारतातली होती, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान दिसला आणि भीमात जहाल पक्ष. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. मंचावर कर्झनचे नाव कुणीही उच्चारले नव्हते. अर्थ प्रेक्षकांनी लावला होता. जुन्या वीराच्या कथेत आजचा शत्रू शोधण्याची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. 'छावा'च्या प्रेक्षकाला दोष देणाऱ्यांनी आणि त्याची पाठराखण करणाऱ्यांनीही ती लक्षात घ्यायला हवी.

बदनामी आणि पुनर्स्थापना

संभाजी महाराजांच्या बाबतीत प्रतिसादाच्या तीव्रतेला आणखी एक जुने कारण आहे. त्यांची व्यसनी, उतावळा राजपुत्र ही प्रतिमा ज्या लेखनातून पसरली, त्यातील एक प्रमुख ग्रंथ म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी राहून लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. हा राग लेखनात उतरला असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला आणि ती प्रतिमा इंग्रजीतूनही पक्की झाली. म्हणजे जी प्रतिमा पुसली गेल्याचा आनंद आज साताऱ्यातला प्रेक्षक व्यक्त करतो, ती घडवण्यात साताऱ्यातल्याच दप्तराचा मोठा वाटा होता.

पुनर्स्थापना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे शोधण्यात अनेक वर्षे घालवली. त्यांचे चरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिले. मूळचे रहिमतपूरचे वसंत कानेटकर यांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये आले आणि काशिनाथ घाणेकर यांच्या संभाजीने प्रेक्षागृहे टाळ्या-शिट्ट्यांनी दुमदुमली. ऐतिहासिक भूमिकेतून नटाला इतके वलय मिळण्याची ती मोठी घटना होती. शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी १९७९ ची. चित्रपट तिच्यावरच आधारलेला आहे. नंतर विश्वास पाटील यांची 'संभाजी' आली. साताऱ्यात जानेवारी २०२६ मध्ये भरलेल्या ९९व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी हेच विश्वास पाटील होते. आणि घराघरात संभाजी पोहोचला तो २०१७ ते २०२० या काळात चाललेल्या 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेतून, अमोल कोल्हे यांच्या रूपाने.

म्हणून 'आम्हाला हे कुणी शिकवलेच नव्हते' ही चित्रपटानंतर वारंवार ऐकू आलेली भावना मराठी वाचकाच्या बाबतीत पूर्ण खरी नाही. हिंदी पट्ट्यातील प्रेक्षकाच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. या दोन प्रेक्षकांत फरक न केल्याने चर्चेत बराच गोंधळ झाला, असे मला वाटते.

चित्रपटांची रांग

'छावा' एकटा आलेला नाही. दिग्पाल लांजेकर यांनी 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) आणि 'शिवरायांचा छावा' (२०२४) अशी मालिकाच उभी केली. त्यांतील शिवरायांवरच्या आठ चित्रपटांच्या संकल्पाला त्यांनी 'शिवराज अष्टक' हे नाव दिले. प्रवीण तरडे यांचा 'सरसेनापती हंबीरराव' २०२२ चा. हिंदीत ओम राऊत यांच्या 'तान्हाजी'ने २०२० मध्ये वाट मोकळी केली. तानाजी मालुसरे हे जावळी तालुक्यातील गोडोलीचे असल्याचे सांगितले जाते.

एकाच विश्वातील नायक, एका चित्रपटातून दुसऱ्यात येणारी पात्रे, ठरावीक प्रेक्षकवर्ग आणि पुढच्या भागाची प्रतीक्षा ही सारी मार्व्हलच्या पद्धतीची लक्षणे इथे दिसतात. 'छावा'तला नायक सिंहाचा जबडा हातांनी फाडतो. तंत्राच्या अंगाने पाहिले तर हे महानायकपटच आहेत.

संभाजी महाराजांवरच दोन चित्रपट बारा महिन्यांच्या अंतराने आले, एक मराठीत, एक हिंदीत. मराठी चित्रपटाचा गाजावाजा हिंदीच्या तुलनेत फारच थोडा झाला. खर्चातील तफावत हे कारण उघड आहे. पण मराठ्यांच्या छत्रपतीची कथा मराठी प्रेक्षकानेही हिंदीत पाहणे पसंत केले, ही बोच मराठी चित्रपटसृष्टीत आहे. 'छावा' मराठीत डब करावा अशी मागणी मंत्री उदय सामंत यांनी केली होती. ७ मार्चला तो तेलुगूत मात्र प्रदर्शित झाला.

भक्तिभावाची बाजू

पहिली भूमिका सर्वाधिक लोकांची आहे. तिचे म्हणणे साधे आहे: हा चित्रपट म्हणजे मानवंदना, तिला समीक्षेची फूटपट्टी लावू नये. चप्पल काढून बसणारा किंवा मुलाला मावळ्याच्या वेशात आणणारा प्रेक्षक करमणुकीसाठी आलेला नसतो. सांगली परिसरात या भावनेला संघटित रूप आधीपासून होते. संभाजी भिडे यांच्या शिवप्रतिष्ठान हिंदुस्थान या संघटनेचे कार्यकर्ते फाल्गुनात 'बलिदान मास' पाळतात. कुणी पादत्राणे सोडतो, कुणी चहा, कुणी गोडधोड. २०२५ मध्ये चित्रपटगृहांतली गर्दी ओसरण्यापूर्वीच तो महिना सुरू झाला. अशा प्रेक्षकासाठी शेवटचा दीर्घ छळप्रसंग हा व्रताचाच भाग होतो.

या भूमिकेचे बळ असे, की ती अस्सल आहे. तिला अडाणीपणा म्हणणे हा अन्याय आहे. संभाजी महाराजांना ११ मार्च १६८९ रोजी ज्या क्रौर्याने मारले गेले, ते ऐतिहासिक सत्य आहे आणि त्याने डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. तिची मर्यादाही इथेच सुरू होते. मानवंदना म्हटले की चित्रपटातल्या कल्पित गोष्टींनाही तेच संरक्षण मिळते.

अभ्यासकांची बाजू

दुसरी बाजू इतिहासाच्या अभ्यासकांची. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा, पोर्तुगीज, सिद्दी आणि मुघल अशा तिन्ही आघाड्या नऊ वर्षे सांभाळणारा, मुलकी कारभारात लक्ष घालणारा राजा पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. दिसतो तो योद्धा आणि हुतात्मा. बदनामीतून सोडवलेला संभाजी पुन्हा एकाच साच्यात बसवला जातो की काय, ही त्यांची चिंता आहे. मला ती रास्त वाटते. बेंद्रे आणि गोखले यांनी दप्तरांतून जे माणूसपण वर काढले, ते तीन तासांत मावत नाही हे मान्य. पण निवड कोणत्या दिशेने झाली हे महत्त्वाचेच आहे.

लेझीमचा वाद याच प्रश्नाचा दुसरा चेहरा होता. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक आली तेव्हा छत्रपती लेझीम खेळताना दाखवल्याला आक्षेप घेतला गेला आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला. आक्षेप घेणाऱ्यांना तो राजाच्या प्रतिष्ठेला धक्का वाटला. काहींच्या मते लेझीम हा या मातीचाच खेळ, त्यात कमीपणा कसला? सातारा-सांगलीच्या कोणत्याही यात्रेत लेझीम पाहिलेल्या माणसाला हा दुसरा प्रश्न सहज पडतो. पण निर्णय झाला तो चर्चेने नव्हे, दबावाने. सिंहाशी झुंज राहिली आणि लेझीम गेली, यावरून प्रेक्षकाला आपला नायक कसा हवा आहे हे कळते.

साताऱ्याने असा वाद वाघनखांच्या निमित्तानेही पाहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आणलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. ती तिकडे नेली होती ग्रँट डफने. ती शिवरायांनीच वापरलेली असल्याचा पुरावा नाही, असे लंडनच्या संग्रहालयाचेच म्हणणे. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही हाच मुद्दा लावून धरला. तरीही ती पाहायला लोटलेल्या लोकांची श्रद्धा खोटी नव्हती. पुरावा आणि श्रद्धा एकमेकांशेजारी ठेवून बघण्याची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

घराण्यांची बाजू

तिसरी बाजू राज्याबाहेरच्या चर्चेत जवळजवळ आलीच नाही, पण आपल्याकडे ती सर्वांत जिवंत आहे. चित्रपटात गणोजी आणि कान्होजी हे फितूर दाखवले आहेत. शिर्के घराण्याच्या वंशजांनी याला जाहीर हरकत घेतली आणि शंभर कोटींच्या दाव्याचा इशारा दिला. आपण आडनाव किंवा गाव घेतलेले नाही असे सांगत उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. महाराजांचे सल्लागार कवी कलश आणि शिर्के यांच्यातील संघर्षाची नोंद जेधे शकावलीत आहे; महाराजांना पकडून देण्यातील फितुरी नेमकी कुणाची, यावर मात्र इतिहासकारांत एकमत नाही. इंद्रजित सावंत यांनी फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्टिनच्या रोजनिशीचा हवाला देत दोष कारकुनांकडे वळवला. त्यावरून त्यांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण अटकेपर्यंत गेले. दोन्ही उत्तरांनी कुठल्या ना कुठल्या जातीला किंवा घराण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हे यातले दुःख आहे.

तळबीडची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. हंबीरराव हे चित्रपटातले तेजस्वी पात्र; आशुतोष राणा यांनी ते केले. कारस्थानी म्हणून रंगवलेल्या सोयराबाई मात्र याच हंबीररावांच्या बहीण, त्याच मोहिते घराण्यातल्या. १६८० मध्ये बहिणीच्या मुलाला डावलून हंबीररावांनी संभाजी महाराजांची बाजू घेतली. नात्यापेक्षा राज्य मोठे मानण्याचा हा पेच केवढा नाट्यमय आहे! नायक आणि खलनायक अशी उभी फाळणी करणारा चित्रपट त्यातला एक धागा उचलतो आणि दुसरा काळा करतो. सोयराबाईंच्या कृतीमागे एका राजमातेची राजकीय बाजू होती काय, हा प्रश्न पडद्यावर उभाच राहत नाही.

खासदार उदयनराजे भोसले यांनी महापुरुषांच्या अवमानाविरुद्ध कठोर कायद्याची मागणी केली आहे. तिच्या समर्थकांना वाटते की तपासणी आधीच झाली तर नंतरचे उद्रेक टळतील. विरोधकांचा प्रश्न असा, की तपासणारे कोण आणि घराण्यांची मते परस्परविरोधी असतील तेव्हा कुणाचे ऐकायचे. दोन्हींत तथ्य आहे. शिर्के प्रकरण पाहता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडल्याशिवाय पहिला उपाय चालेल असे वाटत नाही.

सलोख्याची चिंता

चौथी बाजू सामाजिक परिणामांकडे बोट दाखवते. मार्च २०२५ च्या आरंभी आमदार अबू आझमी यांनी औरंगजेबाची स्तुती केली आणि त्यांचे अधिवेशनापुरते निलंबन झाले. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवण्याची मागणी वाढली. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना जागृत झाल्याचे म्हटले. दंगल हा पूर्वनियोजित कट वाटतो, असेही ते म्हणाले. चित्रपट हे कारण की निमित्त, यावर तेव्हापासून दोन तट आहेत.

सांगली जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून मिरजेत दंगल झाली आणि तिचे लोण सांगली-कोल्हापूरपर्यंत गेले. तेव्हा चित्रपट नव्हता. एक चित्र पुरले. यावरून एक बाजू म्हणते की तणाव आधीचाच असतो, चित्राला दोष कशाला? दुसरी म्हणते, तणाव आहे हे माहीत असताना चित्र कुठे आणि कसे लावायचे याची जबाबदारी अधिकच वाढते.

संभाजी महाराजांना 'धर्मवीर' म्हणावे की 'स्वराज्यरक्षक', हा डिसेंबर २०२२ मध्ये अजित पवार यांच्या विधानसभेतील वक्तव्याने पेटलेला वादही इथे येऊन मिळतो. चित्रपटाने त्याचा निकाल लावलेला नाही. पडद्यावर दोन्ही शब्दांना जागा आहे, प्रेक्षक आपापला उचलतो. 'तान्हाजी'च्या वेळीही असेच झाले होते. त्यातील खलनायक साकारणारे सैफ अली खान यांनी स्वतःच मुलाखतीत हा इतिहास नव्हे असे म्हटले आणि ते टीकेचे धनी झाले. 'छावा'त रायाजीची भूमिका केलेल्या संतोष जुवेकर यांनी औरंगजेब साकारणाऱ्या अक्षय खन्ना यांच्याशी चित्रीकरणात बोलणे टाळल्याचे सांगितले, तेव्हा मात्र याच प्रेक्षकांपैकी अनेकांनी त्यांना धारेवर धरले. नट आणि पात्र यांतला फरक लोकांना कळतो, याची ही चांगली साक्ष आहे.

सिनेमा म्हणून

या साऱ्या कोलाहलात चित्रपट हा चित्रपट म्हणून कसा आहे, ही चर्चा सर्वांत कमी झाली. संभाजी महाराज साकारणारे विकी कौशल यांची मेहनत आणि अक्षय खन्ना यांचा संथ, थकलेला औरंगजेब यांचे कौतुक जवळजवळ एकमुखाने झाले. पूर्वार्ध तुटक आहे, ए. आर. रहमान यांचे संगीत या मातीचे वाटत नाही, येसूबाई पतीची वाट पाहण्यापुरत्याच उरल्या आहेत, हे आक्षेप पुन्हा पुन्हा आले.

२०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी मार्व्हलपटांची तुलना मनोरंजन उद्यानाशी केली होती: थरार असतो, धोका नसतो. हा निकष आपल्याकडे जसाच्या तसा लागत नाही. मार्व्हलचा नायक कल्पित आहे, तो मेला तरी परत आणता येतो. इथला नायक खरोखर मेला आणि कसा मेला हे तिकीट काढतानाच माहीत असते. प्रेक्षक शेवट बदलेल या आशेने येत नाही, त्या शेवटाला साक्षी राहायला येतो. म्हणून तंत्र महानायकपटाचे असले तरी अनुभव पोवाड्याच्या जवळचा आहे. अर्थात पोवाड्याचा शाहीर समोर उभा असतो, त्याला थांबवून प्रश्न विचारता येतो.

न सुटलेले

काही प्रश्न उघडे राहतात. चित्रपटामुळे लोक ग्रंथांकडे, गडांकडे वळतात की चित्रपटच ग्रंथाची जागा घेतो? दोन्ही घडताना दिसते. प्रमाण सांगता येत नाही. विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी नोटीस काढली आणि गुन्हा दाखल झाला, तेव्हा संदर्भग्रंथांशी वाद घालण्याची रीत कोणती असावी हाही प्रश्न पुढे आला.

दुसरा प्रश्न नायकांच्या निवडीचा. १९४३ पासून नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने या भागात इंग्रजांना नामोहरम केले. त्याच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पैशाची रेल्वे लुटली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'तून बंडखोर नायक उभा केला. या मंडळींच्या वाट्याला शेकडो कोटींचा पडदा आलेला नाही. त्यांच्या कथेत शत्रू परका आहे, पण सावकार आणि गावगुंड घरचे आहेत. प्रेक्षकाला एका सुरात घोषणा द्यायला ती कथा कदाचित अवघड जाईल. हा माझा तर्क आहे, पण निर्मात्यांनी तो खोटा पाडावा असे मनापासून वाटते.

मराठी की हिंदी हा भाषेचा प्रश्न रितेश देशमुख यांच्या 'राजा शिवाजी'च्या निमित्तानेही पुढे येतो. मराठीसह अनेक भाषांत आणायच्या ठरवलेल्या या चित्रपटाचे काही चित्रीकरण सातारा परिसरात झाले.

आणि शेवटचा प्रश्न केवळ साताऱ्याचा. 'छावा' १६८९ मध्ये संपतो. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मुघलांच्या कैदेत गेले. साताऱ्याचा अजिंक्यतारा खुद्द औरंगजेबाने वेढला. १३ एप्रिल १७०० रोजी उडवलेल्या सुरुंगाखाली त्याचीच शेकडो माणसे गाडली गेली, मग आठवडाभरात किल्ला त्याच्या हाती आला. शाहू १७०७ मध्ये सुटले आणि पुढच्या वर्षी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाई परतल्या १७१९ मध्ये, सुमारे तीस वर्षांच्या कैदेनंतर. त्या काळात त्यांनी लढाई मारली नाही, सिंहाशी झुंज दिली नाही. बादशहाच्या छावणीत मुलाला सांभाळले, वारस जिवंत ठेवला, वाट पाहिली. अशा पराक्रमावर कुणी मोठा चित्रपट केला, तर 'छावा'ला उभा राहून गारद म्हणणारा प्रेक्षक त्यालाही येईल काय?